गाय विकताना आरोग्याची माहिती लेखी द्यायची तर काय लिहावं?

प्रश्न थोडक्यात असा: एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत, दुधात आहे आणि पाच महिन्यांची गाभण आहे. दुसऱ्या वेतात दगडी (कासेची सूज) होऊन मागचा डावा सड गेला. 2022 च्या साथीत लंपी होऊन बरी झाली. गेल्या वर्षी गोठ्यातली दुसरी एक गाय सातव्या महिन्यात गाभडली (गर्भ पडला) होती. घेणाऱ्याचा 40 गाईंचा गोठा आहे आणि त्याने आरोग्याची माहिती सहीनिशी कागदावर मागितली आहे. सगळं लिहून दिलं तर भाव पडेल, ही भीती.

भावाचं आधी बघू. 40 गाई सांभाळणारा माणूस धार काढून बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही, त्यामुळे गेलेला सड पहिल्या मिनिटाला कळतो. लंपीचे व्रण कातडीवर दिसतात. या दोन्हींमुळे भाव जेवढा कमी व्हायचा तेवढा तुम्ही न सांगताही होणारच. लपू शकेल अशी तुमच्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गाभडलेली दुसरी गाय. तुम्हाला ती या व्यवहाराबाहेरची वाटत असेल. घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र कागदावरची तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, म्हणून तिच्याबद्दल खाली जरा जास्त लिहिलं आहे.

कागद लिहिताना एक पथ्य पाळा. 'गाय निरोगी आहे', 'कोणताही रोग नाही' असं कधीही लिहून देऊ नका. हे पशुवैद्यकसुद्धा छातीठोकपणे लिहू शकत नाही. तुम्ही स्वतः पाहिलेलं, तपासून घेतलेलं आणि ठाऊक नसलेलं, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. 'ब्रुसेला नाही' आणि '10 ऑगस्टला रक्त घेतलं, ब्रुसेलाची चाचणी निगेटिव्ह आली' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे (ब्रुसेला म्हणजे गाई गाभडवणारा संसर्गजन्य रोग). पहिल्यात तुम्ही हमी देता. दुसऱ्यात घडलेली गोष्ट सांगता, ती उद्याही खरीच राहते. जी चाचणी केली नाही तिच्यापुढे 'तपासणी केलेली नाही' असं सरळ लिहा. रकाना कोरा सोडला तर भांडणाच्या वेळी जो तो त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावतो.

कायदाही याच अंगाने जातो. 1872 च्या भारतीय करार कायद्यात फसवणुकीची व्याख्या 17 व्या कलमात आहे आणि तिथली उदाहरणं नेमकी जनावराच्या विक्रीची आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची खोड ठाऊक आहे, पण तो काही बोलला नाही. नुसत्या गप्प बसण्याला कायदा फसवणूक म्हणत नाही. पण घेणारा म्हणाला, 'तू नाही म्हटलं नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरतो', आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं. तुमच्या गिऱ्हाइकाने लेखी विचारलं आहे, म्हणजे तुम्ही दुसऱ्या उदाहरणात आहात. आता न बोलणं हेही उत्तरच ठरेल.

आता ओळख. कागदावर पहिली नोंद कानातल्या पिवळ्या टॅगच्या 12 अंकी क्रमांकाची. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून टॅगशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतुकीला बंदी आहे. क्रमांक जुन्या कागदावरून उतरवू नका, गाय धरून कानावरचा वाचा. टॅग तुटून नवा बसवलेला असतो आणि जुनाच क्रमांक लसीकरणाच्या नोंदीत राहतो, असं वारंवार घडतं. दवाखान्यात भारत पशुधन प्रणालीवर तो क्रमांक टाकून नोंदी बघून घ्या. लस प्रत्यक्ष दिली पण नोंदच झाली नाही, किंवा मालक म्हणून अजून आधीच्याचं नाव आहे, हे विक्रीच्या आधी कळलेलं बरं. टॅगबरोबर रंग, कपाळावरचा ठिपका, शिंगं, दात आणि वेत लिहा. दातांची नोंद बाजाराच्या भाषेत चालते: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेली.

आता गाभडलेल्या गाईकडे. शेवटच्या तिमाहीत गाय गाभडली की पहिला संशय सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलाचा. ती ब्रुसेलाच होती असं यावरून ठरत नाही. आयबीआर किंवा लेप्टोस्पायरा हे दुसरे संसर्ग, पोटावर बसलेला मार, कडक ताप, यांतल्या कशानेही गाय गाभडते. तुम्ही निदान केलं नसेल तर कागदावर निदान लिहू नका, घटना लिहा: कोणत्या महिन्यात गाभडली, वार (गर्भाभोवतालची पिशवी) आपोआप पडली की काढावी लागली, तपासणी केली का, ती गाय सध्या गोठ्यात आहे की विकली. ब्रुसेलाच्या गाईची वार, पडलेलं वासरू आणि स्राव यांत जंतूंचा खच असतो. शेजारच्या दावणीच्या गाईने तो वास घेतला, तिथला चारा खाल्ला की तीही बाधित होऊ शकते आणि महिनोन्‌महिने काहीही लक्षण दाखवत नाही. म्हणून एका गाईच्या विक्रीतसुद्धा अख्ख्या गोठ्याचा इतिहास विचारला जातो, आणि तो विचारणं रास्त आहे.

विक्रीच्या आधी तुमच्या गाईची चाचणी करून घ्या. पशुवैद्यक मानेच्या शिरेतून 5 ते 10 मिली रक्त साध्या नळीत घेतात, म्हणजे गोठू न देणारं औषध नसलेल्या. रक्त गोठून वर सुटलेला पिवळसर द्रव थंड ठेवून प्रयोगशाळेत जातो. रक्त गाडीत हिंदकळलं किंवा उन्हात राहिलं तर तो द्रव लाल होतो आणि नमुना वाया जातो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना तिकडे कसा पाठवायचा ते तालुक्याच्या दवाखान्यात कळतं. 'रोज बेंगाल' नावाच्या चाचणीत त्या द्रवाचा एक थेंब आणि गुलाबी रंगाच्या अँटिजेनचा तेवढाच थेंब एकत्र ढवळतात, आणि चार मिनिटांत गुठळ्या धरल्या की पॉझिटिव्ह. मग एलायझासारख्या दुसऱ्या चाचणीने खात्री करतात.

या चाचणीत दोन ठिकाणी घोळ होतो. एक, लागण नुकतीच झाली असेल तर चाचणी निगेटिव्ह येते. विण्याच्या किंवा गाभडण्याच्या आसपास घेतलेला नमुनाही फसवा ठरू शकतो. म्हणून कागदावर रिपोर्टची तारीख पुरत नाही, रक्त घेतल्याची तारीख हवी, आणि घेणाऱ्याने आपल्या गोठ्यात महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासावं. दोन, ब्रुसेलाची एस-19 लस फक्त मादी वासरांना, चौथ्या ते आठव्या महिन्यात, आयुष्यात एकदाच देतात. मोठ्या वयात चुकून दिली असेल तर लसीमुळेही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. लस दिली असेल तर तेव्हाचं वय लिहा. गोठ्यातल्या सगळ्या मोठ्या गाईंचे नमुने एकदम पाठवलेत तर तो रिपोर्ट एका गाईच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी वजनदार.

आणि पॉझिटिव्ह आली तर? तर ती विकू नका. महाराष्ट्रात गाईची कत्तल कायद्याने बंद आहे, त्यामुळे घेणाऱ्याला ती गोठ्यातून काढण्याचा मार्ग नाही. ती रोगासकट जन्मभर त्याच्याकडे राहते. शिवाय हा रोग माणसाला होतो: पुन्हापुन्हा उलटणारा ताप, सांधेदुखी, पुरुषांत अंडकोषाची सूज. बिनहातमोज्याने वार काढणारा आणि कच्चं दूध पिणारा, दोघांनाही धोका. पॉझिटिव्ह गाय वेगळी बांधा, दूध उकळूनच वापरा, वार आणि मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरा. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याच्या अनुसूचीत हा रोग आहे. अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला की गावपातळीवर कळवणं हे मालकाचं काम, आणि बाधित आहे हे ठाऊक असताना जनावर बाजारात नेणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे.

क्षयाची चाचणी एका गाईच्या व्यवहारात क्वचित होते, पण 40 गाईंचा गोठेवाला मागू शकतो. मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि टोचण्याआधी व 72 तासांनी कातडीची जाडी मोजतात. 4 मिमी किंवा जास्त वाढ म्हणजे पॉझिटिव्ह. सोमवारी टोचलं तर गुरुवारी डॉक्टर पुन्हा यायलाच हवेत. ती दुसरी फेरी चुकली की चाचणी फुकट.

सडाचं सोपं आहे, पण तेही नीट लिहा. 'एक सड कमी' एवढ्यावर भागत नाही. मागचा डावा सड, 2023 मध्ये दगडीने बंद पडला, या वेतात त्यातून दूध नाही, बाकी तीन सडांत या वेतात दगडी झाली की नाही, झाली तर कधी आणि काय औषध दिलं. व्यवहाराच्या दिवशी घेणाऱ्यासमोर सीएमटी (दुधावरून दगडी ओळखण्याची चाचणी) करून दाखवा. पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढा. मग चार वाट्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं साधारण अर्धा चमचा दूध घ्या, तेवढंच सीएमटीचं द्रावण घाला आणि पॅडल आडवं धरून दहा-एक सेकंद गोल फिरवा. दूध पाण्यासारखं वाहत राहिलं तर सड चांगला. तळाशी चिकट थर धरला किंवा जेलीसारखा गोळा होऊन मधे उंचावला तर आत दगडी आहे, कास वरून कितीही मऊ लागली तरी. निकाल लगेच वाचा, नंतर तो फिकट होत जातो. ही गाय विऊन नववा महिना चालू आहे. आटत आलेल्या गाईत सगळ्या सडांत थोडा घट्टपणा दिसतो, त्याने घाबरू नका. एकच सड इतरांपेक्षा ठळक वेगळा वागला तर ती खूण खरी. विऊन पहिल्या काही दिवसांत चिकामुळेही असंच फसायला होतं.

दुधाचा आकडा आज निघतं तोच सांगा. 'ताजी असताना 22 लिटर द्यायची' हे वाक्य खरं असलं तरी वेगळ्या ओळीत आणि तारखेसह. एक वेळचं दूध तुंबवून कास फुगवण्याची बाजारची चाल घेणारा ओळखून असतो. आदल्या संध्याकाळी त्याच्यासमोर कास पूर्ण मोकळी करा आणि त्यानंतरच्या सकाळ-संध्याकाळच्या दोन धारा मोजून द्या. लोणी, काष्टी किंवा घोडेगावच्या बाजारात तेवढा वेळ मिळत नाही. गोठ्यावरच्या विक्रीत मिळतो आणि भाव टिकवायला तोच उपयोगी पडतो.

लंपीबद्दल फार घाबरू नका. बरी झालेली गाय जन्मभर रोग पसरवत राहते असं नाही. कधी झाला, गाठी कधी गळून पडल्या, पायाला सूज किंवा कासेवर व्रण राहिला का, त्यानंतर लस कधी टोचली, एवढं लिहा. आणि एक ओळ गोठ्याची: मागच्या 28 दिवसांत गोठ्यात नवी लागण नाही. लाळ्या खुरकूत होऊन गेला असेल तर तो जास्त ठळक लिहावा लागतो. त्यातून उठलेल्या काही संकरित गाई पुढे प्रत्येक उन्हाळ्यात धापा टाकतात, केस वाढतात, दूध पूर्वीच्या पातळीवर येत नाही. थंडीत विकल्या तर हे दिसतच नाही. त्याची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याच्या तोंडावर, तारखा लिहा. गोचीड तापातून (थायलेरिया) बरी झालेली गायही रोग अंगात बाळगून असते. प्रवास, नवा गोठा, विणं अशा ताणात तो उसळतो, आणि घेणारा म्हणतो आजारी गाय दिली. कधी झाला आणि कशावर बरा झाला हे आधीच लिहिलेलं असेल तर ताप चढल्यावर त्याचा डॉक्टर पहिल्या दिवशीच रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघतो.

गाभणपण 'पाच महिने' असं मोघम नको. भरवल्याची तारीख, वळूचा किंवा (कृत्रिम रेतन असेल तर) रेताच्या कांडीचा क्रमांक, डॉक्टरांनी हात घालून तपासल्याची तारीख. भरवल्यापासून साधारण 280 दिवस धरायचे: 12 मार्चला भरवली तर 17 डिसेंबरच्या आसपास विणार, म्हणजे त्याआधी दोन महिने, 18 ऑक्टोबरला, धार बंद करून आटवायला हवी. ही तारीख घेणाऱ्याला दिलीत तर आटवणं चुकत नाही. वार अडकणं, अंग बाहेर येणं, विल्यावर दूध ताप येणं, हे पुढच्या वेतातही होऊ शकतं. आधीच्या वेतात झालं असेल तर लिहा. कालवड विकताना एक जादा प्रश्न असतो: खोंडासोबत जुळी जन्मलेली आहे का? अशा कालवडींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वांझ निघतात आणि दिसायला त्या एकदम झकास असतात.

चालू औषधांची ओळ बहुतेक लोक विसरतात. गेल्या महिनाभरात दिलेलं प्रत्येक इंजेक्शन, सडात सोडलेली ट्यूब, जंतनाशक, गोचिडाचं औषध लिहा. तारीख आणि दूध कधीपर्यंत डेअरीला घालायचं नाही तेही, औषधाच्या वेष्टणावर छापलेलं असतं तेवढं. सांगितलं नाहीत तर त्याच्या एका गाईचं दूध 40 गाईंच्या कॅनमध्ये मिसळतं आणि डेअरीवर सगळंच परत येतं. आटवताना सोडायच्या ट्यूबचा असर कित्येक आठवडे राहतो, ती दिली असेल तर ठळक लिहा.

पशुवैद्यकाचा दाखला या कागदाच्या जागी चालत नाही. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार गाडीत भरण्याआधी लागणारा दाखला म्हणजे जनावर प्रवासाला योग्य आहे, संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत आणि लस झाली आहे, एवढंच. (त्या नियमात अजूनही बुळकांडीच्या लसीचा उल्लेख आहे, तो रोग 2011 मध्ये जगातूनच गेल्याचं जाहीर झालं.) डॉक्टर गाय पाच मिनिटं बघतात, गेल्या वर्षी गोठ्यात काय घडलं ते त्यांना तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. दाखला निघायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी घ्या आणि विक्रीच्या पावतीसह गाडीत ठेवा.

आता तुमच्या गाईचा मजकूर, नमुन्यादाखल. तारखा तुमच्या घाला.

'एचएफ संकरित गाय, काळी-पांढरी, जुळलेली, तिसरं वेत, टॅग क्रमांक (12 अंक). विली 25 नोव्हेंबर 2024. आज 20 ऑगस्ट 2025 रोजी दोन वेळचं मिळून 9 लिटर दूध, समक्ष मोजून दिलं. मागचा डावा सड 2023 मध्ये दगडीने बंद. बाकी तीन सडांची सीएमटी आज समक्ष केली, दोष दिसला नाही. 12 मार्च 2025 ला भरवली, 2 जूनला डॉक्टरांनी गाभण असल्याचं तपासलं. सप्टेंबर 2022 मध्ये लंपी झाला, बरी झाली, मानेवर व्रण आहेत. गोठ्यातील दुसरी गाय गेल्या वर्षी सातव्या महिन्यात गाभडली, कारण तपासलेलं नाही, ती गाय गोठ्यातच आहे. या गाईचं रक्त 10 ऑगस्टला घेतलं, ब्रुसेला चाचणी निगेटिव्ह, रिपोर्ट सोबत. क्षय आणि आयबीआरची तपासणी केलेली नाही. मागच्या 30 दिवसांत कोणतंही औषध दिलेलं नाही. लसींच्या तारखा मागे लिहिल्या आहेत. ही माहिती माझ्या माहितीप्रमाणे आहे. पुढील काळातील आरोग्याची हमी नाही.'

दोन प्रती, दोघांच्या सह्या, एक साक्षीदार. 'माझ्या माहितीप्रमाणे' हे शब्द ठाऊक असलेली गोष्ट दडवायला उपयोगी पडत नाहीत, हे ध्यानात असू द्या. मजकूर बयाणा घेण्याआधी वाचायला द्या. पैसे मोजून झाल्यावर पुढे केलेला कागद घेणारा न वाचता खिशात घालतो आणि पहिल्या अडचणीला 'हे मला सांगितलंच नव्हतं' म्हणतो. रिपोर्ट यायचा असेल तर बयाणा घेऊन गाय तुमच्याच दावणीला ठेवा, रिपोर्ट आल्यावर बाकीचे पैसे आणि दावं एकदम हातात द्या. दलालामार्फत व्यवहार असेल तर कागद घेणाऱ्याच्या हातात जातोय याची खात्री करा. हेडी (जनावरांचे दलाल) तो मधेच ठेवून घेतात.

घेणाऱ्यालाही सांगा: नवी गाय निदान 21 ते 30 दिवस वेगळी बांध, तिची धार शेवटी काढ, बादली वेगळी. गाय गेल्यावर दवाखान्यात टॅगवरचं मालकाचं नाव बदलून घ्या. विमा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसी त्याच्या नावावर करा, नाहीतर महिन्याभरात गाय दगावली तर पॉलिसी तुमची आणि गाय त्याची, अशा अवस्थेत दोघांनाही काही मिळत नाही. गाडीत चढवण्याआधी टॅगचा क्रमांक वाचता येईल असा कानाचा एक फोटो आणि कासेचा मागून एक फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा.